सणांचे सूर आणि आकाशवाणीची जबाबदारी

सणासुदीची गाणी आज कोणत्याही मोबाइलवर हव्या त्या क्षणी ऐकता येतात. अशा वेळी सार्वजनिक नभोवाणीने सणांसाठी खास कार्यक्रम करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जातो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत सण साजरे करणाऱ्या सोलापुरात या प्रश्नाचे उत्तर शोधणे अधिक निकडीचे आहे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आकाशवाणीवरून नरकासुरवधाचे कीर्तन ऐकत अभ्यंगस्नान उरकणे, हा महाराष्ट्रातील असंख्य घरांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. उटण्याचा वास, पायाखाली चिरडलेले कारीट आणि माजघरातल्या रेडिओवरून येणारा कीर्तनकाराचा आवाज या तिन्ही गोष्टी मिळून दिवाळीची पहाट होत असे. ते कीर्तन ठरावीक वेळी लागे, एकदाच लागे आणि गावातल्या सर्व घरांत एकाच वेळी ऐकू येई. स्नानाला उशीर झाला तर कीर्तन हुकले, इतका साधा हिशेब होता.

आज हा हिशेब उरलेला नाही. भक्तिगीते, अभंग, आरत्या, कीर्तने यांचे भांडार इंटरनेटवर उघडे आहे. दिवाळी पहाटेच्या मैफली सभागृहांत आणि उद्यानांत होतात, आषाढीची शासकीय महापूजा दूरचित्रवाणी वाहिन्या थेट दाखवतात. मग आकाशवाणीने आणखी चार भक्तिगीते लावली काय आणि न लावली काय, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. तथापि, या युक्तिवादात सणाचा कार्यक्रम म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रिकांची माळ, असे गृहीत धरलेले आहे. हे गृहीतकच तपासून पाहायला हवे.

संकलन आणि निर्मिती

सणानिमित्त होणारे नभोवाणी कार्यक्रम ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार संकलनाचा. गणेशोत्सवात गणपतीची गाणी, नवरात्रात देवीची, नाताळात येशूजन्माची. यासाठी एक उद्घोषक आणि एक संग्रह पुरेसा असतो. हे काम आता यंत्रही करू शकते आणि ते अनेकदा अधिक चोख करते. दुसरा प्रकार निर्मितीचा. त्यात कवीकडून नवी रचना लिहून घेणे, स्थानिक गायक-वादकांकडून ती बसवून घेणे, कीर्तनकाराला ध्वनिमुद्रणासाठी बोलावणे, यात्रेच्या जागी ध्वनिक्षेपक घेऊन जाणे, नभोनाट्य किंवा संगीतिका उभी करणे हे सारे येते. याला माणसे लागतात, वेळ लागतो आणि पैसाही लागतो. सार्वजनिक नभोवाणीचे खरे काम हे दुसऱ्या प्रकारचे आहे, कारण ते दुसरे कोणी करण्याची शक्यता फार थोडी असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर अवघ्या दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीच्या मुहूर्तावर या केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असा तो योग होता. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत तयार होत होते, त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे यांच्यासारखे गायक त्यात सहभागी झाले. पुढे या रचनांनी सणाची आणि नभोवाणीची चौकट ओलांडून मराठी घरात कायमचे स्थान मिळवले.

या इतिहासाकडे केवळ गौरवाने पाहिले जाते. त्यातील व्यवहाराकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘गीतरामायण’ जन्मले तेव्हा पुणे केंद्र नवखे होते. त्याच्यापाशी भव्य यंत्रणा नव्हती. निर्णयाचे स्वातंत्र्य असलेला अधिकारी, गावातच उपलब्ध असलेले कलावंत आणि दर आठवड्याची ठरलेली वेळ एवढ्या भांडवलावर ते काम झाले. म्हणजे लहान केंद्रांना मोठे काम झेपत नाही, ही सबब इतिहासाला धरून नाही.

सोलापूरच्या कानावरचे वर्ष

सोलापूर आकाशवाणी केंद्र १०३.४ मेगाहर्ट्झवरून ऐकू येते. त्याच्या आवाक्यात सणांचे जे ध्वनिविश्व आहे, त्याची बरोबरी राज्यातील फार थोडी शहरे करू शकतील.

इंग्रजी वर्षाच्या प्रारंभी संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदी घातलेले मानकरी, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होम मैदानावरील होमविधी, शोभेचे दारूकाम आणि त्यानंतरही रेंगाळणारा ‘गड्डा’ हा क्रम सोलापूरकरांना तोंडपाठ आहे. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर हे बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या काळातील शरण. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या अंकिताने त्यांनी रचलेली वचने कन्नडमध्ये आहेत. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह म्हणजे अक्षता सोहळा. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा जयघोष मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषक एकाच सुरात करतात. हा सोहळा डोळ्यांइतकाच कानांचा आहे. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला अक्षता कधी टाकायच्या हे दिसत नाही, ते ऐकूनच कळते.

श्रावणात नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा श्री मार्कंडेय रथोत्सव निघतो. गिरण्या आणि यंत्रमागांच्या ओढीने तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांनी शहराच्या पूर्व भागात आपली भाषा आणि आपले सण जपले. भाद्रपद अमावास्येपासून तिथल्या स्त्रिया फुलांचा मनोरा रचून त्याभोवती फेर धरतात आणि बतकम्माची तेलुगू गाणी म्हणतात. त्याच पंधरवड्यात मराठी वस्तीतल्या अंगणात पाटावर हत्ती मांडून भोंडल्याचा, म्हणजेच हादग्याचा फेर चालू असतो. दोन्हीकडे स्त्रिया, दोन्हीकडे फेर, दोन्हीकडे सासर-माहेरची गाणी. अंतर असते ते दोन-तीन किलोमीटरचे. तरीही भोंडला म्हणणाऱ्या कित्येक घरांनी बतकम्माचे गाणे कधी ऐकलेले नसते, आणि तिकडच्या घरांनाही हादग्याची खिरापत ओळखण्याचा खेळ माहीत असतोच असे नाही.

नवरात्र संपताच कोजागरीला हजारो भाविक सोलापूरहून तुळजापूरची वाट पायी चालू लागतात. त्याच सुमारास गावोगावच्या देवळांत काकडआरती सुरू होते. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चारही वाऱ्यांचे टाळमृदंग इथल्या वर्षाला लय देतात. रमजानमध्ये नात आणि हम्द यांचे सूर उमटतात. डिसेंबरात नाताळ येतो, आणि तोही येथे परका नाही. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात या भागात शाळा आणि चर्च उभी केली, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची आणि भजनाची मराठमोळी चाल दिली. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातून गाणाऱ्या चर्चमध्ये हार्मोनियम आणि तबला सहज ऐकू येतो. नाताळ म्हटले की इंग्रजी कॅरोल आठवणाऱ्या शहरी श्रोत्याला ही परंपरा आजही नवी वाटेल.

एका जिल्ह्यात इतके काही गायिले जात असताना स्थानिक नभोवाणीने सणाला मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातील लोकप्रिय भक्तिगीतांवर समाधान मानणे म्हणजे नदीकाठी राहून बाटलीतले पाणी विकत घेण्यासारखे आहे.

भोंगा आणि रेडिओ

येथे कुणी असे म्हणेल की, हे सण लोक आपापल्या वस्तीत साजरे करतातच, त्यात नभोवाणीची भर कशाला? यावर शहरातील सणांचा प्रत्यक्ष आवाज हेच उत्तर आहे. गेल्या दोन-तीन दशकांत उत्सवाचा आवाज मोठा झाला, पण त्यातील विविधता घटली. मिरवणुकीत लेझीम, हलगी, सनई यांची जागा ठिकठिकाणी मोठमोठ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी घेतली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना बंदी आणि वर्षातील पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा राज्यांना अधिकार, ही चौकट सर्वांना ठाऊक आहे. तरीही प्रत्येक उत्सवात वाद होतोच. ज्या मंडळांनी लेझमाचे ताफे टिकवले आहेत, त्यांचे कौतुक त्यामुळेच होते.

भोंग्याचा आवाज शेजाऱ्यावर लादला जातो, रेडिओचा आवाज ऐकणारा स्वतः निवडतो. त्याला बटण असते. दुसऱ्याच्या सणाची ओळख भोंग्यातून झाली तर ती तक्रारीच्या स्वरूपात होते, रेडिओतून झाली तर ती कुतूहलाच्या. सोलापूरसारख्या शहरात सामाजिक सलोखा टिकवण्यासाठी शांतता समितीच्या बैठका होतात आणि त्या आवश्यकही आहेत. परंतु शेजारच्या गल्लीतील सण कशासाठी आहे, त्यातले गाणे काय सांगते, ते म्हणणारी माणसे कोण, हे सावकाश सांगणारे माध्यम त्या बैठकांपेक्षा लांबचे काम करते. सणांच्या कार्यक्रमांत पणाला लागलेली गोष्ट ही आहे.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या माध्यमाने धार्मिक कार्यक्रम करावेत का, हा आक्षेपही येथे विचारात घ्यायला हवा. कोणत्याही धर्मावर वा समाजावर टीका होणार नाही, हे बंधन आकाशवाणीच्या संहितेत आहेच. पण केवळ टीका टाळून निष्पक्षता सिद्ध होत नाही. एकाच समाजाचे सण विस्ताराने आणि बाकीच्यांची पाच मिनिटांत बोळवण, असे झाले तर आक्षेप खरा ठरतो. उलट, सर्वांचे सण सारख्या आस्थेने ऐकवले, त्यांतील संगीत, भाषा आणि श्रमाचा इतिहास उलगडला, तर तो कार्यक्रम संस्कृतीचा होतो. प्रसार भारती कायदा, १९९० मधील कलम १२ ने देशातील विविध प्रदेशांच्या भाषा आणि संस्कृती यांना पुरेसे स्थान देण्याची जबाबदारी या संस्थेवर टाकली आहे. म्हणजेच हा केंद्रप्रमुखाच्या आवडीनिवडीचा विषय नसून कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे.

पैसा कुठे जातो?

कर्तव्य आणि वस्तुस्थिती यांतील दरी मात्र वाढते आहे. सणांचा हंगाम हा जाहिरातींचाही हंगाम असतो. विविध भारतीवर व्यापारी जाहिरातींना १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरुवात झाली ती मुंबई-पुणे-नागपूर येथूनच. तेव्हापासून दिवाळीतील वेळेची किंमत वाढत गेली. ज्या दिवसांत सर्वाधिक श्रोते मिळू शकतात, त्याच दिवसांत प्रायोजकाला खात्रीशीर लोकप्रिय गाणे हवे असते, नवा प्रयोग नको असतो. खासगी एफएम वाहिन्यांचे अर्थकारण तर पूर्णतः यावर उभे आहे, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणूनच सार्वजनिक नभोवाणीकडून वेगळी अपेक्षा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या पायाभूत सुविधांसाठी २५३९.६१ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी देशभरात १०० वॉट क्षमतेच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. मोबाइल उत्पादकांनी एफएमची सुविधा बंद ठेवू नये, अशी सूचनाही केंद्राने २०२३ मध्येच केली. आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक सेवा मोबाइल अॅपवरून ऐकता येऊ लागल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा स्वतःचा ओटीटी मंच आणला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा मुख्य भर आवाज दूर पोहोचवण्यावर आहे. कार्यक्रमनिर्मितीचा उल्लेख योजनेत असला, तरी जिल्हा पातळीवरील केंद्रात स्टुडिओबाहेर जाऊन ध्वनिमुद्रण करणारी माणसे किती, हा प्रश्न शिल्लक राहतो. अनेक केंद्रांचा कारभार नैमित्तिक उद्घोषकांच्या खांद्यावर चालतो. अॅपमुळे सोलापूरचे केंद्र पुण्यात आणि परदेशातही ऐकता येते. पण तेथे ऐकायला मिळणारे जर मुंबईचे सहक्षेपण किंवा सर्वत्र वाजणारी गीतेच असतील, तर सोलापूरहून बाहेर गेलेला श्रोता ते मुद्दाम का लावील?

स्थानिक केंद्रांचे काम मध्यवर्ती यंत्रणेकडे सरकण्याची भीती निराधार नाही. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. त्यावर श्रोत्यांतून आणि लोकप्रतिनिधींतून विरोध झाल्यानंतर त्याला स्थगिती द्यावी लागली. पुण्याच्या मागे बोलणारे पुष्कळ होते. सोलापूर, धाराशिव किंवा बीडसारख्या केंद्राचा एखादा सणाचा कार्यक्रम गुपचूप बंद पडला, तर त्याची बातमी होण्याचीही खात्री नाही.

कोलकाता आणि केंब्रिज

सणाच्या एका कार्यक्रमाने नभोवाणी आणि समाज यांचे नाते किती घट्ट होऊ शकते, याची दोन उदाहरणे मोलाची आहेत. कोलकात्यात १९३१ पासून ‘महिषासुरमर्दिनी’ हा दुर्गापूजेआधीचा कार्यक्रम नभोवाणीवर होतो. बाणीकुमार यांची संहिता, पंकजकुमार मल्लिक यांचे संगीत आणि वीरेंद्रकृष्ण भद्र यांचे पठण ही त्याची ओळख. महालयाच्या पहाटे चार वाजता बंगाली घरे आजही ते ऐकण्यासाठी जागी होतात. १९७६ मध्ये अधिकाऱ्यांनी भद्र यांच्याऐवजी लोकप्रिय चित्रपट अभिनेते उत्तमकुमार यांच्या आवाजात नवा कार्यक्रम सादर केला. श्रोत्यांचा रोष इतका तीव्र होता की, मूळ कार्यक्रम पुन्हा आणावा लागला. सणाचा आवाज प्रसिद्धीच्या बळावर बदलता येत नाही, हा त्यातील धडा.

दुसरे उदाहरण केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळच्या गायनोपासनेचे. बीबीसीने १९२८ मध्ये ती प्रथम प्रसारित केली आणि १९३० चा अपवाद वगळता दरवर्षी ती होत आली. जुन्याच चौकटीत चालणाऱ्या या कार्यक्रमासाठी १९८३ पासून दरवर्षी एका संगीतकाराकडून एक नवी रचना करून घेतली जाते. परंपरा जपणे आणि नवे निर्माण करणे यांत विरोध नाही, हे त्यातून दिसते. किंबहुना, दरवर्षी एक नवे गीत हा नियम पाळला तर चाळीस वर्षांत चाळीस गीतांचा ठेवा उभा राहतो.

सोलापूर काय करू शकेल?

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. वर्षातील पाच-सहा सण निवडून प्रत्येकासाठी एक स्थानिक निर्मिती करणे, त्यातील निदान निम्म्या मराठीखेरीज इतर भाषांच्या परंपरांवर असणे आणि त्यांना मराठी निवेदनाची जोड देणे, ही सुरुवात ठरेल. बतकम्मा आणि भोंडला एकाच अर्ध्या तासात ऐकवता येईल. सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने गायनासह आणि मराठी अर्थासह यात्रेच्या काळात देता येतील. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कन्नड भाषक गावांतील भजनी मंडळांना त्यात स्थान मिळेल. टिळकांच्या परंपरेतील भजने नाताळला स्थानिक चर्चच्या गायकवृंदाकडून घेता येतील.

दुसरे काम संग्रहाचे आहे. एकेकाळी चुंबकीय फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात आणि त्यात मोलाचे आवाज कायमचे गेले. आज साठवण स्वस्त झाली आहे. आता आवाज हरवतात ते नोंद न ठेवल्यामुळे. कोणी, कधी, कुठे, कोणत्या सणाला काय गायिले याची सूची केली, तर तो संग्रह अभ्यासकांच्या उपयोगी पडेल. २००४ मध्ये स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ या कामात विद्यार्थ्यांचे हात देऊ शकेल. पूर्व भागात बतकम्माची गाणी मुखोद्गत असलेल्या आणि खेड्यांत जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या स्त्रियांची पिढी वृद्ध झाली आहे. हे काम पाच वर्षांनी करू म्हटले तर ध्वनिमुद्रणासाठी कोण उरेल, याचा विचार आजच व्हायला हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. सणाच्या कार्यक्रमाची वेळ आधी जाहीर करणे आणि ती दरवर्षी तीच ठेवणे. नरकचतुर्दशीच्या कीर्तनाची ताकद त्याच्या ठरलेल्या वेळेतही होती. सर्वांनी एकाच वेळी एकच गोष्ट ऐकण्याचा अनुभव मागणीनुसार वाजणाऱ्या संगीताला देता येत नाही. तो देणे नभोवाणीला अजूनही शक्य आहे.

अर्थात, जबाबदारी एकट्या आकाशवाणीची नाही. श्रोत्यांनी पत्रे पाठवणे थांबवले, स्थानिक कार्यक्रमाची दखल वृत्तपत्रांनी घेणे सोडले आणि लोकप्रतिनिधींनी नभोवाणी केंद्र ही जिल्ह्याची सांस्कृतिक संस्था आहे हे विसरायचे ठरवले, तर केंद्राकडे काही मागण्याचा नैतिक अधिकारही क्षीण होतो. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा शहराने आपला एक ओळखीचा आवाज गमावला. तो थांबवणे शहराच्या हाती नव्हते. चार भाषांतील सणांचे सूर जतन करणे मात्र अजून हाती आहे, आणि त्यासाठीची यंत्रणा शहरात उभी आहे.